आनंदी सिस्टर आणि आमचा हर्निया

टीव्हीवरच्या डॉक्टरांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गळ्यात स्टेथोस्कोप, डोळ्यांत पाणी, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले की चष्मा काढून नुसती मान हलवायची. मग प्रत्येक नातेवाइकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवायचा आणि मागे कुणीतरी पत्रे आपटल्यासारखा आवाज. असल्या मालिका लागल्या की मी उठून भांडी घासायला जायची. भांडी तरी स्वच्छ होतात.

म्हणून बोईसरला माझी लेक जागृती पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती आणि मी तिच्या मदतीला आठ दिवस गेले होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, ही एक मालिका बघ माझ्यासोबत. दवाखान्याची आहे, हसशील," तर मी तिलाच झापलं.

"दवाखान्यात हसण्यासारखं काय असतं गं? तुझा पाय मोडलाय त्यात मी हसले का?"

"तू बस तरी."

बसले. माझा जावई धीरज तारापूरच्या कारखान्यात पाळीवर गेला होता, नात स्वरा शाळेत होती, आणि भाजी निवडायची होतीच. मालिकेचं नाव 'तपासणी चालू आहे'. नाव वाचूनच मला बरं वाटलं, कारण त्यात कुणाचं सौभाग्य, नशीब किंवा अग्निपरीक्षा नव्हती.

पहिल्याच भागात एक म्हातारा खाटेवर मांडी ठोकून बसलेला. मला काही झालेलं नाही, मुलानं जबरदस्तीनं आणलंय, मी आत्ता घरी निघालो, असं तो सगळ्या वॉर्डला ऐकवत असतो. त्या वॉर्डची आनंदी सिस्टर त्याच्याजवळ येते. वाद घालत नाही. हो आजोबा, खरंय आजोबा, मुलं अशीच असतात आजोबा, असं म्हणत म्हणत त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळते, प्रेशर घेते, काखेत थर्मामीटर ठेवते, सुईसुद्धा टोचून मोकळी होते. म्हातारा आपला बोलतोच आहे. शेवटी तो विचारतो, "तपासणार कधी?" आणि सिस्टर म्हणते, "झाली की. आता बोला, मी ऐकतेय."

मी इतकी हसले की मांडीवरची गवार खाली सांडली. हसता हसता मनात आलं, ही बाई मला आमच्या घरी पाहिजे.

कारण आमच्या घरीही एक असाच बसलेला होता. आमचे हे, आत्माराम राऊत, वय चौसष्ट, राहणार माहीम, पालघरपासून जवळ, समुद्राच्या बाजूला. आमची पानवेलींची वाडी आहे, थोडी केळी, थोडे नारळ. वाडीत राबून ह्यांच्या उजव्या जांघेत हर्निया झाला. आधी लिंबाएवढा होता, मग पेरूएवढा झाला. हे वरून पट्टा बांधायचे आणि मला सांगायचे, "काय नाय, वारा धरलाय." पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "काका, आज ऑपरेशन साधं आहे. आतडं आत अडकलं तर मग वेळ मी ठरवणार नाही, आतडं ठरवेल." त्या वाक्यानं माझी झोप उडाली. ह्यांची नाही उडाली.

एकदा ऑपरेशनची तारीखही घेतली होती. दवाखान्यात पोचलो, नाव लिहिलं, आणि हे म्हणाले, "स्कूटर उन्हात हाय, सावलीत लावून येतो." अर्धा तास झाला, एक तास झाला. मुलगा ललित बाहेर बघून आला, तर स्कूटर सावलीत नव्हती आणि उन्हातही नव्हती. आम्ही रिक्षानं घरी आलो तेव्हा हे वाडीत अनवाणी उभे राहून वेलींना पाणी सोडत होते. जणू काही दुसऱ्याच कुणाचं ऑपरेशन होतं.

मी खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले. तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं.

"झोपवनार म्हने," हे हळूच म्हणाले. "परक्या मानसांत, उघड्या अंगानं. मी दुपारचा घरात पन दार लावल्याशिवाय झोपत नाय. त्यांनी मला झोपवायचं नि उठवायचं पन त्यांनीच?"

 आठ महिने मी ह्यांच्या मागे लागले होते. देवाची शपथ घातली, अबोला धरला, जागृतीला फोनवर रडायला लावलं. हे ऐकून घ्यायचे आणि वाडीत जायचे.

तर मी बोईसरला ती मालिका बघत होते. आठ दिवसांत बावीस भाग बघितले. वरच्या मजल्यावरची बिहारची सुनीता दुपारी दारातून विचारायची, "आंटी, आगे का देख लिया क्या? बताना मत!" आणि तीही येऊन बसायची. तिला निम्मं मराठी कळायचं नाही, पण हसायची बरोबर त्याच जागी.

मला त्या मालिकेचं मोठं कौतुक वाटलं, ते आजही वाटतं. त्यातला दवाखाना तालुक्याच्या गावातला आहे, आणि खरा वाटतो. सिस्टरचं पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं आहे. चिकटपट्टीचं टोक कुणालाच सापडत नाही. डॉक्टर धारप नावाचे सर्जन सगळ्या जगाला गोड खाऊ नका सांगतात आणि स्वतःच्या कप्प्यात चिक्की लपवतात, आणि ती चिक्की कोण पळवतं हे शोधण्यात एक अख्खा भाग जातो. मेहुल नावाचा नवा डॉक्टर आजार इतका पुस्तकी भाषेत समजावतो की पेशंट घाबरून त्यालाच पाणी देतात. आणि हे सगळे थट्टा करतात ती एकमेकांची करतात, आजारी माणसाची कधी नाही. हे ज्यानं कुणी लिहिलंय तो कधीतरी केसपेपर हातात धरून बाकावर बसलेला असणार. नाहीतर बाकावर बसलेल्या माणसाला किती लाज वाटते, किती भूक लागते, आणि शेजारच्याचा आजार ऐकून कसं बरं वाटतं, हे त्याला कुठून कळणार?

माहीमला परत आले आणि ललितला पहिलं काम तेच सांगितलं. त्यानं फोनवरून आमच्या टीव्हीवर मालिका लावून दिली. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी बसायची. हे ओटीवर टीव्हीकडे पाठ करून पानं निवडत बसायचे. मोठं पान एकीकडे, लहान एकीकडे, फाटकं बाजूला. मी त्यांना एकदाही बघा म्हटलं नाही. आनंदी सिस्टरकडून शिकले होते.

चौथ्या दिवशी तो डब्यांचा भाग लागला. एका पेशंटला मीठ बंद सांगितलेलं असतं, आणि त्याचे नातेवाईक सात घरांतून सात डबे घेऊन येतात. प्रत्येक जण शपथेवर सांगतो, माझ्या डब्यात मीठ नाही. आनंदी सिस्टर खुर्ची ओढून बसते आणि एकेक डबा चाखते. सातव्या, बोंबलाच्या डब्यापाशी येते तेव्हा ती गंभीरपणे म्हणते, "ह्यात मीठ आहे का नाही ते एका बोंबलात नक्की सांगता येत नाही. अजून दोन वाढा."

माझ्या मागून एक विचित्र आवाज आला. वळून बघितलं तर ह्यांचे खांदे गदागदा हलत होते, हातातली पानं विस्कटली होती, आणि तोंड टीव्हीकडे होतं. दुसऱ्याच क्षणी "आई गं" म्हणत ह्यांनी जांघ दाबून धरली.

मी झटकन टीव्ही बंद केला.

"बंद कशाला केलास?" हे ओरडले.

"दुखतंय ना तुमाला?"

"ते दुखू दे. ती बया बोंबील खाते का नाय ते बघू दे आधी."

त्या दिवसापासून ओटीवरची पानांची टोपली आत आली. हे मांडीवर उशी घेऊन बसायचे. विनोद येणार असं वाटलं की उशी दाबून धरायची आणि मग हसायचं, अशी पद्धत ह्यांनी काढली. पण त्या मालिकेत विनोद सांगून येत नाही, तीच तर तिची गंमत आहे. दर भागात दोनदा तरी ह्यांचा चेहरा हसण्यातून कळवळण्यात जायचा. मला हसूही यायचं आणि रडूही यायचं. पंधरा-वीस दिवस असं चाललं. मग एका संध्याकाळी, डॉक्टर धारपांची चिक्की माकडानं पळवली तेव्हा, हे उशी फेकून देऊन म्हणाले, "हे काढून टाकू या एकदाचं. धड हसता पन नाय येत मानसाला."

 मी आत स्वयंपाकघरात गेले, देवासमोर हात जोडले, आणि ललितला हळूच म्हटलं, उद्याच्या उद्या फोन कर.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचं होतं. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही असं दवाखान्यातून बजावलं होतं, आणि मी चुलीपाशी जणू पहारा दिला. ह्यांना चहा दिला नाही, पाणी दिलं नाही. निघताना उंबऱ्यावर ह्यांना उभं केलं आणि आमच्या घराच्या रीतीप्रमाणे शकुनाचं पान हातात दिलं. आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेला माणूस पान खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. ललितची परीक्षा असो, जागृतीची सोयरीक असो, आपल्या वेलीचं कोवळं पान आणि सुपारीचं खांड तोंडात टाकायचं आणि निघायचं. कात नाही, चुना नाही. आमचं पान कोवळं असतं, आम्ही ते थुंकत नाही, गिळतो. ह्यांनी पान खाल्लं, देवाला नमस्कार केला, आणि आम्ही ललितच्या गाडीत बसलो.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काका, रात्रीपासून काही खाल्लं? चहा, पाणी, बिस्कीट?"

"नाय," हे म्हणाले.

"पान्याचा थेंब पन नाय," मी वरून म्हणाले, आणि अगदी छाती पुढे काढून म्हणाले.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. ज्या घराचा संसारच पानावर चाललाय त्या घरात पानाला कुणी खाणं म्हणत नाही. पान म्हणजे पान. जेवण झाल्यावर खातात, जेवणाआधी खातात, उपासाला खातात, पाहुणा आला की देतात. आम्हाला ते आठवलंसुद्धा नाही.

ह्यांना हिरवा गाऊन घातला. मागून उघडा, नाड्या बांधायच्या. हे लाजून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मग सिस्टर त्यांना आतल्या दारातून घेऊन गेली, आणि ह्यांचे कपडे माझ्या हातात आले. शर्टाची घडी घालताना खिशाला ओलं लागलं. आत ओल्या फडक्यात एक पान होतं. सकाळी मी उंबऱ्यावर एक दिलं, आणि उरलेली तीन पानं हे स्वतःच फडक्यात बांधून खिशात ठेवत होते ते मी बघितलं होतं. म्हणजे धास्तीपोटी ह्यांनी गाडीत आणखी दोन चघळली होती.

 आणि तेव्हा मला डॉक्टर हेमाली आठवली. मालिकेत भूल देणारी, कमी बोलणारी, पण बोलली की सगळ्यांची दांडी गुल करणारी. एका भागात एक माणूस लपून घोटभर चहा पितो आणि तिला सांगत नाही. तो पकडला जातो ती सगळी धमाल आहे, आम्ही पोट धरून हसलो होतो. पण शेवटी हेमाली त्याच्या बायकोला शांतपणे समजावते, की भूल दिली की गळाही झोपतो, आणि पोटात जे असेल ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मग माणूस सर्जनच्या हातचा राहत नाही. हसवता हसवता त्या मालिकेनं हे माझ्या डोक्यात घालून ठेवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी ललितला पान दाखवलं. तो आधी म्हणाला, "मग काय झालं?" मग त्याला समजलं. तो दाराकडे बघायला लागला.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आता बोललीस तर आजचं रद्द करतील. आणि बाबा पुन्हा येणार नाहीत. तुला माहीत आहे ना ते? पानच तर आहे."

मला माहीत होतं. त्याच्याहून जास्त माहीत होतं. आठ महिने कुणी घालवले होते? पुन्हा हे वाडीत जातील, पुन्हा पट्टा बांधतील, आणि एक दिवस आतडं वेळ ठरवेल. आणि दारापलीकडे तर सगळं तयार होतं. मीच मला समजावलं, दमयंती, पाला आहे नुसता, गायीसुद्धा खातात. दोन मिनिटं मी ते स्वतःला पटवत उभी राहिले. त्या दोन मिनिटांची मला अजून लाज वाटते.

मग मी जाऊन ते दार वाजवलं. वाजवलं म्हणजे बडवलं.

एक मुलगी बाहेर आली, डोक्याला हिरवी टोपी, मास्क गळ्यात ओढलेला. तीच भूल देणारी डॉक्टर होती. जागृतीपेक्षाही लहान असेल.

"डॉक्टर, ह्यांनी पान खाल्लंय," मी म्हटलं. "तीन पानं, सुपारी घालून. गिळली. पहिलं मीच दिलं. चूक माझी हाय, त्यांना ओरडू नका."

तिनं वेळ विचारली. मी सांगितली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि एक लांब श्वास सोडला. मी शिव्या खायला तयार होते. ती म्हणाली, "काकू, लोक सगळं झाल्यावर सांगतात. तुम्ही वेळेत सांगितलंत. आज नाही करता येणार, पुढे सगळे नंबर लागलेत. उद्या सकाळी करू." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेली. त्या पोरीच्या मी मनातल्या मनात पाया पडले.

थोड्या वेळानं हे बाहेर आले. चालत आले, गाऊन मागून एका हातानं घट्ट धरून. ललित कुणाला तरी फोन करण्याच्या निमित्तानं जिन्याकडे सटकला. हे माझ्याशेजारी बाकावर बसले. 

"तू सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"गप बसली असतीस तर एव्हाना सुरू झालं असतं."

"झालं असतं."

"आठ महिने डोकं खाल्लंस माझं. देव झाले, रडनं झालं. नि हातात आलेलं सोडून दिलंस?"

मग मात्र माझा बांध फुटला. त्या बाकावर, सगळ्या लोकांसमोर मी रडले. "मला ऑपरेशन नको हाय हो," मी म्हटलं. "ऑपरेशन घेऊन मी काय करू? मला तुमी हवेत." लग्नाला अडतीस वर्षं झाली, असं मी ह्यांना कधी म्हटलं नव्हतं. आमच्यात तसं कुणी म्हणत नाही.

 ह्यांनी मान वळवून जिन्याकडे बघितलं. ही नजर मला माहीत होती, स्कूटर सावलीत लावायला निघालेल्या दिवशीची. मग हे उठले. मी हात पुढे केला आणि गाऊनची एक नाडी पकडली. ह्यांनी ती अलगद सोडवून घेतली आणि चालायला लागले, पण जिन्याकडे नाही, सिस्टरच्या टेबलाकडे.

"सिस्टर, उद्याचा पयला नंबर माझा लावा," हे म्हणाले.

"लावते काका. पण आज इथंच राहायला लागेल. घरी गेलात तर पुन्हा पान खाल."

"राहतो." मग ह्यांनी टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं. सकाळी भरलेला तो कागद, त्यावर ललितचं नाव आणि नंबर होता. "हे पोराचं नाव खोडा. इथं हिचं लिवा. मी झोपेत असताना काय विचारायचं असेल तर हिलाच विचारा. ही खरं सांगते."

सिस्टरनं पेन माझ्यापुढे धरलं. मी पदरानं डोळे पुसून टेबलापाशी गेले आणि नीट, पूर्ण नाव लिहून सही केली.